ओट्यावर ठेवलेला बिल्ला

त्या दिवशी सकाळी मी तिची वेणी घातली.

आमच्या दोघांचं ते शेवटचं साधं काम. त्याच्यानंतर जे झालं ते काई साधं नाई. तिचे हात खांद्याच्या वर जात नव्हते, वर नेले का दम लागे. म्हणून मी मागं बसलो. घरात दिव्यापुरतं जवसाचं तेल होतं, तेच बोटानं केसाले लावलं. माह्या हाताले कापसाच्या गठाणी बांधायची सवय. वेणीची नाई. एक पेड जाड झाला, दोन बारीक. वेणी वाकडी झाली.

तिनं चाचपून पाह्यलं. म्हणे, "वेणी घातली का गठाण बांधली?"

"चूप बस. हालू नको."

"घट्ट नका वढू. पळून नाई जात मी."

ती हसली अन् हसता हसता खोकली. मी हसलो नाई. मले भेव वाटून राह्यलं होतं. कारण ती वेणी मी तिच्यासाठी घालत नव्हतो. जिनच्या आपिसातल्या बाबूले दाखवाले घालत होतो. बाबूनं सांगतलं होतं, बायको बिमार हाये म्हणतो तं आणून दाखव.

तिचं नाव पंचफुला. मी फुला म्हणो.

जिन म्हणजे कापसाचं जिनिंग-प्रेसिंग. मी प्रेसवर होतो. रुई दाबली का गठाणीले लोखंडी पट्ट्या आवळायच्या, हे माहं काम. फुला सात सीझन रेच्यावर होती. रेच्यात कापूस टाकला का सरकी वेगळी पडते अन् रुई वेगळी. तिथं रुईचा भुसा असा उडे का समोरची बाई दिसे ना. तोच तिच्या छातीत जाऊन बसला. खोकला लागला. एक दिवस मुकादम म्हणे, "उद्यापासून येऊ नको." सात सीझनचं एवढंच बोलणं. ती लुगड्यावरची रुई झटकून घरी आली. मी प्रेसवर गठाणी आवळत राह्यलो. मले वाटलं, तिले काढलं तं काढलं, मले तं ठेवलं. असा माणूस होतो मी. लपवत नाई.

आमाले दीक्षा घेऊन दुसरं साल लागलं होतं. नागपूरले पायी गेलतो आम्ही दोघं. येऊन घरातले देव नदीत सोडले. पण जिनच्या फाटकातून आत पाय टाकला का आम्ही जुनेच. तिथं काई बदललं नव्हतं.

आता बिल्ल्याचं नीट सांगतो, कारण सगळं त्याच्यावरच अडलं.

जिनमधल्या हरएक माणसाले पितळेचा बिल्ला राहे, त्याच्यावर आकडा. वरच्या आळीतले कामगार आपला बिल्ला खिशात घालून घरी नेत. सकाळी येऊन दाखवत. आमच्या वस्तीतल्या लोकाइले तशी मुभा नव्हती. आमचे लोक हरवतील, इकतील, असं कोण्या जमान्यात कोणी ठरवलं होतं. म्हणून आम्ही संध्याकाळी बिल्ला आपिसाच्या ओट्यावर ठेवायचा. ओट्यावर चढायचं नाई. खालूनच दगडावर ठेवायचा, हात मागं घ्यायचा, मंग बाबू उचले. सकाळी तो ओट्यावर उभा राहून आकडा बोले अन् बिल्ला अंगणात फेके. कोणाचा धुळीत, कोणाचा बैलाच्या शेणात. वाकून घ्यायचा अन् कामाले लागायचं. माहा बाप बी असाच उचले. मले त्याच्यात अपमान दिसलाच नाई कधी. मले वाटे, बिल्ला असाच भेटते.

पौषात फुला उठे ना झाली. मी मुकादमाले चार दिवसाची रजा मांगतली. मुकादमानं बाबूकडं पाह्यलं. बाबू म्हणे, "जा. चार दिवस." कागद नाई, काई नाई. संध्याकाळची सुट्टी झालती. मी रोजच्यासारखा बिल्ला ओट्यावर ठेवला अन् घरी आलो.

तिले वर्धेले सरकारी दवाखान्यात नेलं. आमाले वऱ्हांड्यात जागा भेटली. डॉक्टरनं तपासलं, इंग्रजीत चिठ्ठी लिहून देली. म्हणे, "घरी न्या, पडून राहू द्या, दूध पाजा." याच्यातच चार दिवसाचे नऊ झाले. रजा संपून पाचवा दिवस लागला तवा मी फाटकावर गेलो.

बाबूनं माह्याकडं पाह्यलं बी नाई. "तू तर काम सोडून गेलास."

"नाई बाबूजी. रजेवर होतो."

"रजेवर जाणारा बिल्ला घरी नेतो. तू ओट्यावर ठेवून गेलास. बिल्ला ठेवला म्हणजे काम सोडलं. नियम आहे."

मी तिथंच उभा. ज्याइनं उभ्या जन्मात बिल्ला घरी नेला नाई, ज्याइले नेऊच देला नाई, त्याइच्यासाठीच हा नियम. हे मले आता समजते. त्या वक्ताले समजलं नाई. त्या वक्ताले डोक्यात एकच गोष्ट होती. जिनच्या मागं पत्र्याच्या खोल्या होत्या, त्यातली एक आमची. काम गेलं का खोली गेली. पौषाच्या थंडीत ही बाई ठेवू कुठं? खोटं काऊन बोलू, मले भेवानं मुतायले लागलं होतं.

डॉक्टरची चिठ्ठी काढून ओट्यावर ठेवली. बाबूनं रूळाच्या टोकानं ती आपल्याकडं वढली. हात लावला नाई. वाकून वाचली.

"यात एका बाईचा आजार लिहिला आहे. ती बाई तुझीच बायको कशावरून? तुमच्यात एक चिठ्ठी दहा घरं फिरते. खरी असेल तर आणून दाखव."

मुकादम हसला. मी बी हसलो. हो, मी बी. भेव वाटलं का माणूस हसते.

म्हणून ती वेणी.

तिचा भाऊ संपत केळझरहून बैलबंडी घेऊन आलता. बहिणीले माहेरी न्यावं म्हणे. मी म्हटलं, आधी जिनवर चाल. बंडीत गव्हाचं कुटार टाकलं, वर गोधडी. दोघांनी धरून तिले बसवलं.

ती म्हणे, "कुठं?"

"बाबूले दाखवाले."

तिनं अंगावरच्या लुगड्याकडं पाह्यलं. मंग म्हणे, "मंग लुगडं बदलू का? लग्नाच्या वक्ती बी मले कोणी एवढं पाह्यलं नव्हतं."

संपतले हसू आलं. मी त्याले म्हटलं, "हाक बंडी."

दुपारची सुट्टी झालती. लोक अंगणात भाकरी खात बसले होते. बंडी आत आली तसे उठून जवळ आले. फुलाले उतरवून ओट्याच्या दगडाले टेकवून बसवलं. ओटा तिच्या डोक्याएवढा होता. बाबू वर, हात मागं बांधून.

"हीच का?"

"हो बाबूजी."

"खोकून दाखव."

तिनं मान वर करून त्याच्याकडं पाह्यलं.

"अगं खोक. रात्रंदिवस खोकते म्हणतो ना हा?"

प्रेस बंद होता. रेचे बंद. एवढे लोक, पण आवाज नाई. सगळे एका बाईच्या खोकल्याची वाट पाह्यत उभे. मी बी वाट पाह्यत होतो. मनात म्हणून राह्यलो होतो, खोक वो फुला. एकदाच खोक. तिच्या मानेच्या शिरा फुगल्या. डोळ्यात पाणी आलं. ओठ काळे पडले. पण खोकला आला नाई. चार महिने ज्यानं आमाले झोपू देलं नाई तो खोकला त्या घडीले आला नाई.

"धडधाकट आहे की," बाबू म्हणे. "नाटकं करता?"

लोक हसले. आमच्या वस्तीतला बी एक जण हसला. त्याचं नाव मी सांगत नाई. तो बी भेलाच असन.

बाबूनं आतून एक कागद अन् शाईचं पॅड आणून ओट्यावर ठेवलं. "अंगठा लाव. स्वखुशीनं काम सोडलं म्हणून. मग खोलीत आठ-पंधरा दिवस राहू देईन. नाहीतर आजच सामान बाहेर."

मी अंगठा पॅडवर दाबला. निळा झाला. तो कागदाकडं नेतो तं पाठीमागं संपत वरडला. फुला एका बाजूनं कलंडली होती. मी धावून तिले धरलं. तिची मान ओट्याकडं वळलेली, डोळे भिंतीवर रुतलेले. मले वाटलं, गेली. पण तिचे ओठ हालत होते.

"बाबूजी, परवा देतो अंगठा," मी म्हटलं. "परवा सकाळी. हात जोडतो."

"परवा मोठे साहेब तपासणीला येणार आहेत. त्यांच्या आधी ये."

बंडी फाटकाबाहीर निघाली, चिंचेच्या झाडापाशी आली, अन् फुलाले अशी उबळ आली का संपतनं बैल थांबवले. खोकता खोकता वाकली. लुगड्याच्या पदरात रगत पडलं. सरळ व्हायले किती वेळ लागला सांगता येत नाई.

मले राग आला. तिच्यावर आला. बाबूवर नाई आला, तिच्यावर आला.

"तिथं काऊन नाई खोकली? एकदा खोकली असती तं काय मेली असती?"

"आलता खोकला. दाबून धरला."

"काऊन?"

"त्याच्या सांगण्यावर नाई खोकत मी."

"माजली तू. खोली जाईन आपली, समजते का?"

संपतनं माह्याकडं पाह्यलं अन् तोंड फिरवलं. मी हे बोललो तिले. पदराले रगत लागलेल्या बाईले बोललो. इतकी सालं झाली, जेवाले बसलो का घास तोंडापाशी थांबते अन् हे माहेच शब्द ऐकू येते.

ती चिडली नाई. तिले दम नव्हता तेवढा. जरा वेळानं म्हणे, "तिथं भिंतीवर काचेत कागद हाये. दोन. मी वाचला."

फुलाले अक्षर येत होतं. वस्तीत एक शिकलेला माणूस बायाइले शिकवे, ती तिथं जाय. बाजारात दुकानाच्या पाट्या मोठ्यानं वाचत चाले, लोक हसत, मले लाज वाटे. मी गेलो नाई शिकाले. म्हणो, गठाणीले अक्षर कायले पाहिजे.

"जिनचे नियम लिहून हायेत. मराठीत. रजा संपल्यावर आठ दिवसाच्या आत माणूस आला अन् कारण सांगतलं तं त्याची जागा जात नाई. तिथं लिहून हाये हे." तिनं बोटं मोजली. "आज सहावा. परवा आठवा."

"चूप राह्य. कोणी ऐकन."

"कोण ऐकते? बैल?"

मी मागं वळून पाह्यलं. सडकेवर कोणी नव्हतं. तरी मी पाह्यलं.

आता तुमी म्हणसान, एवढे साल तिथं काम केलं, मंग तो कागद कोणाले दिसला काऊन नाई. तो ओट्यावरच्या भिंतीले होता. ओट्यावर आमाले चढाले मनाई. खालून नुसती काच चमके. मले तं वाटे, साहेबाची तसबीर असन. फुलाले खाली बसवलं, ती कलंडली, तिची मान तिरपी झाली, काचेवरची चमक हटली अन् अक्षर दिसलं. धडधाकट बाई असती तं तिले बी दिसलं नसतं.

घरी आल्यावर तिनं मले ते पाठ कराले लावलं. पडल्या पडल्या. ती एक तुकडा बोले, मी मागं बोलो. 'मंजूर रजा संपल्यानंतर आठ दिवसांचे आत कामगार हजर झाल्यास.' मधात एक मोठा शब्द होता, अनु अनु करून. तिले बी तो नीट आला नाई. म्हणे, "तो सोडून देजा. बाकीचं धरून ठेवा. उजव्या हाताचा कागद. खालून चवथी ओळ."

"मी नाई जात. भेव वाटते मले."

"वाटू द्या."

"तुले काय होते बोलाले."

"भेव वाटू द्या. भेऊन भेऊनच जाजा. पण जाजा."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. झोपून दम लागे म्हणून बसून होती, पाठीले मी होतो. पाठ एकदम जड झाली. वेणी कालचीच होती, वाकडी.

दिवस मावळायच्या आत माती देली. मूठ टाकली तवा माहा अंगठा पाह्यला. निळाच होता. धुतला होता मी दोनदा.

म्हातारे लोक म्हणाले, तीन दिवस घराबाहीर पडू नको. सुतक हाये. देव नदीत सोडले तरी सुतक कोणी सोडलं नव्हतं. संपत म्हणे, "भाटवे, माह्यासंगं केळझरले चाला. तो जिन गेला खड्ड्यात. वावरात काम करू दोघं." चांगलं बोलत होता तो. मले बी जावंसं वाटलं. गेलो असतो तं कोणी नाव ठेवलं नसतं. बायको मेलेल्या माणसाले कोण नाव ठेवते?

सकाळी उठलो. डोक्याले मुंडासं बांधलं. संपत झोपला होता, त्याले उठवलं नाई. उठवलं असतं तं त्यानं थांबवलं असतं, अन् मी थांबलो असतो.

फाटकातून आत गेलो तवा बाबू ओट्यावर उभा राहून आकडे बोलत होता. बिल्ले पडत होते, माणसं वाकत होती. मी त्याइच्या मधातून गेलो. ओट्याले तीन पायऱ्या. पहिल्या पायरीवर पाय ठेवला तसा आवाज बंद झाला. दुसरीवर दुसरा ठेवला.

"ए! खाली उतर!"

"वाचतो बाबूजी."

"काय वाचतोस? अंगठा द्यायला आलास ना? शाई तर लागलीच आहे. चल, लाव."

मी काचेपाशी गेलो. अक्षर मुंग्यासारखं. मले एक बी येत नव्हतं. खालून चवथी ओळ मोजली, बोट ठेवलं अन् डोळे मिटून जोरानं बोललो. मंजूर रजा संपल्यानंतर आठ दिवसांचे आत कामगार हजर झाल्यास. मोठा शब्द आला तिथं थांबलो, तो सोडला, पुढचं बोललो. त्याचा कामावरील हक्क जाणार नाही. मंग माह्या मनानं बोललो. आज आठवा दिवस. कारण काल मेलं. तुमी पाह्यलं होतं तिले.

मंग बाबू हसला. पोट धरून हसला.

"अरे गाढवा, ती ओळ थुंकण्याची आहे! आवारात थुंकू नये, असं लिहिलंय तिथं. अक्षर येत नाही आणि आला वाचायला." त्यानं पुढं होऊन दुसऱ्या कागदावर आपलं बोट आपटलं. "रजेची ओळ ही इथं आहे. ही!"

भेवानं माहा डावा-उजवा चुकला होता.

पण त्याचं बोट बरोबर ओळीवर होतं. अन् सगळा जिन ते पाह्यत होता.

खालून रेच्यावरची एक बाई बोलली, "मंग वाचा ना बाबूजी ती. आमाले बी ऐकू द्या."

"हो, वाचा ना," दुसरी बोलली.

बाबूनं बोट मागं घेतलं. पौषाची थंडी, काचेवर दव होतं. त्याच्या बोटाचा ठसा काचेवर राह्यला. अंगठा माहा पाहिजे होता त्याले. ठसा त्याचा उमटला.

मुकादम हळूच म्हणे, "देऊन टाका बाबूजी. साहेब येतच असतील."

बाबू आत गेला. माहा बिल्ला घेऊन आला. मी त्याच्यापासून दोन हातावर उभा होतो. त्यानं माह्याकडं पाह्यलं नाई. हात उचलला अन् बिल्ला माह्या डोक्यावरून अंगणात फेकला. खण्ण आवाज झाला. धुळीत पडला.

माही कंबर आपोआप वाकाले लागली. वीस सीझनची सवय होती तिले. एक पाय पायरीकडं निघाला बी.

मी तो मागं घेतला.

"उचल आणि कामाला लाग," बाबू म्हणे. "भोंगा होऊन गेला."

"ज्यानं फेकला त्यानं उचलावा," मी बोललो. "उचलून माह्या हातात द्यावा. तोवर मी इथून उतरत नाई."

भेव वाटतच होतं. वाटू देलं. काचेखाली, भिंतीले पाठ लावून, ओट्यावर मांडी घालून बसलो.